पुढच्या दाराशी ड्रीसकाका

(हॉलंडच्या दक्षिणेत, ब्राबांतमधलं एक गाव. मे संपत आलाय. नेलचं स्वयंपाकघर, सकाळचे दहा. नेलची सून मार्लूस आपलं घर सोडून काही दिवस इथं आलेली, आत्ता खिडकीपाशी. मांडीवर सात आठवड्यांचा सेप झोपलेला.)

मार्लूस: “पाळणा रस्त्याच्या अंगाला घे पोरी, इकडचा वारा लेकराला बरा नाही.” बस, एवढंच म्हणाला ड्रीसकाका.

नेल: आणि तू काय म्हणालीस?

मार्लूस: “बघते” म्हणाले.

नेल: बघते.

मार्लूस: आई, अठरा दिवसांची बाळंतीण होते मी. टाके ओढत होते, छाती दगडासारखी झाली होती, आणि समोर हा म्हातारा टोपी हातात धरून मला वारा शिकवतोय. मला वाटलं, सेपच्या रडण्यानं त्याची दुपारची झोप मोडते. तोंडावर सांगवत नाही म्हणून वाऱ्यावर ढकलतोय. दार लावून घेतलं आणि पाळणा होता तिथंच ठेवला. कुंपणापाशी, त्याच्या गोठ्याच्या भिंतीला लागून. थोडं मुद्दामच, आई.

नेल: मंगळवारी पोलिसांची धाड पडेपर्यंत तुला काय माहीत भिंतीपलीकडं नशेच्या गोळ्या शिजतायत.

मार्लूस: त्याला माहीत होतं.

नेल: होतं. म्हणून तर त्याचं नाव काढू नको माझ्यापुढं. डुकरं विकली, गोठा रिकामा झाला, कुणी चकचकीत बुटातला माणूस आला आणि “कॅरव्हॅन-गाड्या ठेवायला जागा हवी” म्हणाला, की याने दिल्या किल्ल्या. माझा नातू भिंतीच्या अलीकडं झोपलेला, आणि हा शेजारी आपला अंडी वाटत फिरतोय.

मार्लूस: पोलीसबाई सांगत होती, त्या लोकांनी त्याला हसत विचारलं होतं म्हणे, “शेजारी नवीन बाळ आहे ना?” तेव्हापासून त्यानं तोंड शिवून घेतलं.

नेल: सापडल्यावर सगळ्यांकडं काही ना काही सांगायला असतं.

मार्लूस: मीही तेच म्हणाले तिला. पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवशी तो पुढच्या दारानं आला होता.

नेल: ड्रीस? पुढच्या?

मार्लूस: बेल वाजवून.

नेल: तुमच्या पुढच्या दारात तर सायकली लावलेल्या असतात.

मार्लूस: त्या बाजूला सारून. सहा वर्षांत तो माणूस एकदाही पुढून आलेला नाही. मागून येणार, खिडकीवर टिचकी मारणार, अंडी ठेवणार, सेपच्या बापाला, योरिसला, दोन शिव्या देणार आणि जाणार. त्या दिवशी बेल. आणि मी मनात म्हणते, बघा, तक्रार करायला केवढा थाट.

नेल: माझ्याकडं तो पुढून एकदाच आला होता. त्याची बायको मिया गेली ते सांगायला.

मार्लूस: हे तुम्ही मला आज सांगताय.

नेल: तू कधी विचारलंस? आता ही बेल कोण वाजवतंय? आपलीच. पुढची. पत्रकार असेल मेला. कोण आहे?

वाउट: वाउट. त्या गोठ्याच्या सफाईच्या पथकातला. तुमच्या सुनेला भेटायचं होतं, तिच्या बागेबद्दल.

नेल: मागून या हो. ते दार हिवाळ्यापासून उघडलेलं नाही, फुगून बसलंय. आमच्याकडं पुढून फक्त पोलीस येतात, आणि शवपेटी जाते.

वाउट: माफ करा. आमच्या झेलांडात मागून गेलं तर कुत्रं सोडतात.

नेल: म्हणून तर तिकडं कुणी जात नाही. या, बसा. कॉफी काळी?

वाउट: काळी. नाही, थांबा, दूध घाला. पहाटेपासून चौथी आहे.

मार्लूस: तुमचे कपडे... बाळ आहे म्हणून विचारते.

वाउट: विचाराच. आंघोळ करून आलोय, हे घरचे कपडे. तिकडचा पांढरा पोशाख तिकडेच पिशवीत जातो, हातमोज्यांसकट. हात दोनदा धुतलेत.

मार्लूस: तरी तुम्ही त्या खुर्चीवर बसाल का? लांबच्या?

वाउट: बसतो की.

नेल: घ्या, बिस्कीट घ्या. अजून घ्या. डबा उघडाच आहे.

वाउट: आमच्याकडे एक दिलं की झाकण लागतं.

नेल: ऐकलंय. किंवा मग सेप झाल्याचा टोस्ट देते. निळे दाणे उरलेत अजून थोडे.

मार्लूस: तो डबा नको, आई. नका उघडू. कृपा करून तो बाहेर ठेवा.

नेल: अगं, बडीशेपेचे साखरदाणे आहेत. बाळंतिणीला दूध येतं त्यानं.

मार्लूस: बाहेर ठेवा.

वाउट: राहू द्या, मलाही नको. माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी मी एक दाणा खाल्ला नाही. सासू अजून बोलून दाखवते. बरं, चार-पाच प्रश्न आहेत, लिहून न्यायचेत. पाळणा बाहेर असायचा?

मार्लूस: योरिसनं स्वतः केलाय. उंच पाय, वर छप्पर, पुढं जाळीचं दार.

नेल: कोंबड्यांच्या खुराड्यासारखा दिसतो. पण योरिस असल्याच पाळण्यात वाढला, बर्फातसुद्धा. कधी शिंकला नाही.

वाउट: रोज किती वेळ असायचं बाळ त्यात?

मार्लूस: सकाळी दोन तास, दुपारी दीड. नऊ दिवसांचा होता तेव्हापासून मंगळवारपर्यंत. पावसाचे दिवस सोडले तर अठ्ठावीस दिवस. मी काढलंय. अठ्ठ्याण्णव तास.

वाउट: इथं “साधारण” म्हणून चौकट आहे फक्त.

मार्लूस: साधारण नका लिहू. अठ्ठ्याण्णव लिहा.

वाउट: लिहितो. डॉक्टरांना दाखवलंत?

मार्लूस: बुधवारी. छाती साफ आहे, रक्त ठीक आहे, तीन महिन्यांचा झाला की पुन्हा आणा म्हणाले. मी विचारलं, पुन्हा कशाला, ठीक आहे ना? तर म्हणाले, खबरदारी. तुम्ही सांगा, खबरदारी म्हणजे काय? असल्या जागा रोज बघता तुम्ही. मुलांना काय होतं?

वाउट: मी डॉक्टर नाही हो. मी पिंपं उचलतो. उगाच धीर दिला तर तुम्हालाच कळेल, आणि उगाच घाबरवलं तर तुम्ही झोपणार नाही.

नेल: झोपते कुठं ती. दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकाशी बोट धरते.

मार्लूस: आई.

वाउट: पाळणा आम्हाला न्यावा लागेल. लाकूड धूर शोषून घेतं. गादी, उशी, दोरीवरचे कपडे, सगळं. बागेतलं काही खाऊ नका, रुबार्बची भाजीसुद्धा नाही. पलीकडं शेणखताच्या टाकीत त्यांनी काय काय ओतलंय ते अजून मोजतोय आम्ही. नशीब म्हणा, म्हाताऱ्यानं यंदा ते खत शेतात टाकलेलं नाही.

नेल: नाही टाकलं? दर मार्चला त्या वासानं आम्हाला खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

वाउट: टाकी काठोकाठ आहे. असो. पुढचा प्रश्न. वास यायचा का कसला?

मार्लूस: यायचा.

वाउट: कसला?

मार्लूस: आत्ता आईंनी बाहेर ठेवला ना, त्या डब्याचा.

वाउट: हं.

मार्लूस: तुम्ही हसत नाही आहात.

वाउट: नाही. बऱ्याच जणींकडून ऐकलंय. त्यांच्या कच्च्या मालाला तसाच वास येतो. कुणी म्हणतं शेजारी बाळ झालं असेल, कुणी म्हणतं बेकरी निघाली. मला स्वतःला तर आता तो वास येतच नाही. पंधरा वर्षांत नाक गेलं.

मार्लूस: माझ्या घरी महिनाभर माणसं येत होती. प्रत्येकाला टोस्ट, लोणी, त्यावर निळे-पांढरे दाणे. केसांना तो वास, पडद्यांना तो वास. बागेत आला तर मला वाटायचं, मीच अंगावर घेऊन आले. एकदा सेपची उशी हुंगली. उशीला येत होता. आणि मी हसले. योरिसला फोटो पाठवला, “बघ, तुझ्या मावशीनं उशीवरच दाणे सांडलेत.” शिकलेली बाई आहे मी. चार वर्षं कॉलेजात रसायनं हुंगलीत. आणि बाळाच्या उशीला वास येतोय तर हसले.

नेल: पुरे आता. मीही आले होते तेव्हा, मला कुठं काय कळलं.

वाउट: मंगळवारी सकाळीही आला होता का?

मार्लूस: नाही. तो केव्हाच गेला होता. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर आलाच नाही. पाहुणे थांबले, डबा संपला, म्हणून वास संपला असं समजले मी.

वाउट: पहिल्या आठवड्यानंतर नाही? नक्की?

मार्लूस: नक्की. का?

वाउट: कारण आत काम मंगळवारपर्यंत चालू होतं. भांडी गरम होती आम्ही पोचलो तेव्हा.

मार्लूस: मग?

वाउट: मग मला एक फोटो दाखवायचाय. काल हे सापडल्यापासून आम्ही डोकं खाजवतोय. बघा, ही गोठ्याची तुमच्या बाजूची भिंत. इथून त्यांच्या धुराचा पाइप बाहेर काढलेला. सरळ कुंपणाकडं तोंड करून.

मार्लूस: पाळण्यापासून किती?

वाउट: तीन मीटर.

मार्लूस: तीन.

वाउट: पण आता पुढं बघा. त्या पाइपाला बाहेरून कुणीतरी कोपरा जोडलाय. जुना करडा पाइप, डुकरांना पाणी द्यायचा असावा. खाजऱ्या झुडपांतून, भिंतीच्या पायथ्यानं, पाऽर मागं मक्याच्या शेतापर्यंत नेलाय. वीस-बावीस मीटर. धूर तिकडं सोडलाय, वारा तुमच्यापासून लांब नेईल अशा अंगाला.

नेल: त्या लोकांनीच केलं असेल, कुणाला वास येऊ नये म्हणून.

वाउट: ते असलं काम करत नाहीत. आत सगळं विकत आणलेलं, चकचकीत, पट्ट्या आवळलेल्या. हे निळ्या सुतळीनं बांधलंय. गवताचे गठ्ठे बांधायची असते ना, ती. सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलीय. शेतकऱ्याचं काम. वरून पालापाचोळा टाकून झाकलेलं.

नेल: आणा इकडं. माझा चष्मा कुठाय? मार्लूस, चष्मा.

मार्लूस: डोक्यावर आहे.

नेल: मोठं कसं करायचं हे? हां. हे पिवळं ठिगळ दिसतंय का तुला?

मार्लूस: दिसतंय.

नेल: ही माझी ट्यूब आहे.

वाउट: तुमची?

नेल: तीन काळी ठिगळं आणि एक पिवळं. पिवळं योरिसनं लावलेलं, काळी संपली म्हणून. राजाच्या वाढदिवसाला चौकात पंक्चर झाली, ड्रीसनंच ढकलत नेली सायकल आणि नवी ट्यूब बसवली. मी म्हटलं, जुनी टाक कचऱ्यात. तर म्हणाला, “राहू दे नेल, लागेल कशाला तरी.”

मार्लूस: वाढदिवस सत्तावीस एप्रिलला. माझ्याकडं तो चोवीसला आला होता.

नेल: तू पाळणा हलवला नाहीस.

मार्लूस: नाही हलवला.

नेल: म्हणून पठ्ठ्यानं पाइपच हलवला. गाढव. पोलिसांकडं जायचं सोडून पाइप हलवतोय.

मार्लूस: त्यांनी सेपबद्दल विचारलं होतं ना, आई. हसत. पोलिसांकडं गेला असता आणि त्यांना कळलं असतं तर? मला सांगितलं असतं आणि मी धावत पोलिसांकडं गेले असते तर? गेलेच असते मी. त्याला ते माहीत होतं.

नेल: आणि खत? खत का नाही टाकलं त्यानं?

वाउट: मीही त्याच विचारात पडलो होतो. टाकीत काय पडतंय हे त्याला दिसलं असणार. ते शेतात गेलं असतं, शेतातून ओढ्यात. असं टाकून मोकळे झालेले पुष्कळ बघितलेत मी.

नेल: गावानं त्याला आळशी म्हटलं. म्हटलं, डुकरं गेली, बायको गेली, आता ड्रीसचं शेतीतलं मन गेलं. मीही म्हटलं, बेकरीत उभी राहून.

वाउट: काकू, एक विचारू? तो माणूस खोकतो का?

नेल: कोण, ड्रीस? बैलासारखी तब्येत आहे त्याची.

मार्लूस: खोकतो. मेमध्ये खोकत होता, कुंपणापलीकडून ऐकू यायचं. मी विचारलं तर म्हणाला, फुलांचे पराग. डोळे लाल होते. डाव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. “चुलीवर भाजलं” म्हणाला. का?

वाउट: चालू पाइप त्याच्या जागेवरून काढून दुसरा जोडायचा, म्हणजे आपलं तोंड थेट धुरापुढं येतं. पाच मिनिटं तरी. त्या पाइपाशी जाताना आम्ही पाठीवर हवेची टाकी बांधतो.

मार्लूस: त्याच्याकडं काय होतं?

वाउट: सुतळी आणि ट्यूब.

मार्लूस: त्यानंतर तो खिडकीशी आलाच नाही. अंडी फाटकावर ठेवून जायचा. मला वाटायचं, मी “बघते” म्हणाले म्हणून रुसलाय. मी एकदाही फाटकापर्यंत गेले नाही. पोलिसांनी दाखवला असेल ना त्याला डॉक्टरला? दोन दिवस त्यांच्या ताब्यात होता.

वाउट: विचारलं असेल, काही त्रास आहे का.

नेल: आणि त्यानं “नाही” म्हटलं असेल. पाय मोडला होता तेव्हाही “नाही”च म्हणाला होता.

मार्लूस: काल दुपारी सोडलं त्याला. घरीच आहे?

वाउट: घरात हवा ठीक होती, म्हणून जाऊ दिलं. गोठ्याकडं फिरकायचं नाही एवढीच अट. दिसला नाही मला, पण सकाळी सातपासून पडदे लावलेलेच आहेत. म्हटलं, पत्रकारांना टाळत असेल.

नेल: पडदे लावलेले?

वाउट: पुढचे सगळे. मी निघालो तेव्हाही.

नेल: दहा वाजून गेलेत.

मार्लूस: आई, तुम्ही रोज बघता ना त्याचे पडदे? बेकरीला जाताना?

नेल: मिया गेल्यापासून. साडेसातला उघडे दिसले की पुढं जायचं, तसं ठरलंय आमचं. बोललो नाही कधी, पण ठरलंय.

मार्लूस: आज?

नेल: आज मी चर्चच्या रस्त्यानं गेले. मंगळवारपासून तिकडूनच जाते. माझ्याकडं असं बघू नको. मला त्याचं घर बघायचं नव्हतं.

मार्लूस: मी कशी बघते तुमच्याकडं? मी तर फोनही केला नाही. थांबा. करते. वाजतोय.

वाउट: कोंबड्या मात्र ओरडत होत्या आत. म्हटलं, सोडत कसं नाही कुणी यांना.

नेल: ड्रीसच्या कोंबड्या आत? या वेळेला?

मार्लूस: अजून वाजतोय.

वाउट: बाजूला काढून ठेवला असेल.

मार्लूस: काढून ठेवला असता तर वाजला नसता. वाजतोय, कुणी उचलत नाही. मी जाते. आई, सेपला घ्या.

नेल: दूध पाजणारी बाई तिकडं जाणार? बस खाली.

वाउट: सोमवारपर्यंत तुम्ही त्या बाजूला येऊ नका, खरंच. मी जातो. पण माझ्या अंगावर तिथं पांढरा पोशाख, तोंडावर मुखवटा. दार उघडेल असं वाटत नाही.

मार्लूस: नाही उघडणार. आई.

नेल: मी? मी काय बोलू त्याच्याशी? तीन दिवस अख्ख्या गावासमोर त्याला शिव्या दिल्यात मी. कसाई मला विचारत होता, तुमचा शेजारी काय म्हणतो, तर मी म्हटलं, आमचा नाही तो.

मार्लूस: काही बोलू नका. अंडी न्यायला आले म्हणा.

नेल: आणि तो... दार लावलेलं असलं तर?

मार्लूस: किल्ली लाकडी बुटात असते, मोरीच्या पायरीवरच्या. डाव्या. मला मियाकाकूनं दाखवली होती.

वाउट: मी गाडीनं तुमच्या मागोमाग येतो, फाटकापर्यंत. हाक मारलीत तर लगेच रुग्णवाहिका मागवतो. धावत नका जाऊ.

नेल: धावायला मी काय विशीतली आहे? कोट कुठाय माझा? हा सेप, बघ, उठला. भूक लागली असेल त्याला. जा गं, पाज त्याला. मी जाते. जातेय ना. हे दार का उघडत नाहीये?

मार्लूस: ते पुढचं आहे, आई.

नेल: हो. हो, पुढचंच.

मार्लूस: तिकडंही मागून जा. खिडकीवर टिचकी मारा, तो मारतो तशी. बेल नका वाजवू. त्याला वाटेल, काहीतरी वाईट सांगायला आलंय कुणी.